आभाळाचा स्वतःचा उजेड: पाटणच्या सड्यावरील प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, कराड

आज काम ठरलं. पाटण तालुक्यातल्या एका सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून, अमावास्येच्या आसपासच्या रात्री, आभाळाचा स्वतःचा उजेड मोजायचा. चंद्र नाही, ढग नाहीत, जवळपास दिवा नाही, अशा वेळीही दोन ताऱ्यांच्या मधली जागा पूर्ण काळी नसते. त्या उजेडात तीन जुने वाटेकरी आहेत. डोळ्यांना सुटे न दिसणारे असंख्य तारे, सूर्यमालेच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून आपल्याकडे येणारा सूर्यप्रकाश, आणि आपल्याच हवेच्या वरच्या थरांतून निघणारा प्रकाश, म्हणजे एअरग्लो. चौथा वाटेकरी माणसाने आणला, तो म्हणजे दिवे.

आम्हाला तिसरा आणि चौथा एकमेकांपासून वेगळे काढायचे आहेत. घाई अशासाठी, की सड्याकडे चढणाऱ्या घाटरस्त्याला एलईडीचे खांब मंजूर झाले आहेत. ते लागण्याआधी इथलं आभाळ रात्री किती उजळ होतं, याची नोंद कुणाकडेही नाही. खांब लागल्यावर कितीही भारी उपकरण आणलं तरी ही नोंद मागे जाऊन घेता येणार नाही. मला हे काम फार दिवसांपासून करायचं होतं आणि एमएस्सीच्या दोघांनी (एक मुलगा, एक मुलगी) प्रकल्पासाठी हाच विषय मागून घेतला, याचा मनापासून आनंद आहे.

जागा: अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा, गावकीचा कातळसडा, उंची सुमारे १,१०० मीटर. पूर्वेला कराडच्या दिव्यांचा घुमट, पश्चिमेला कोकणात चिपळूणचा, दक्षिणेला बराच लांब कोल्हापूरचा. एका बाजूच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे. डोक्यावर मात्र मोकळं आभाळ. राहण्याची सोय धनगरवाड्यावरच्या मामा-मामींकडे.

उपकरणं: आभाळाची उजळी मोजणारा खिशात मावणारा मीटर (एसक्यूएम). आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेला जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्याला फिशआय लेन्स, जवळजवळ सगळं आभाळ एका फोटोत घेणारी. ओळखीच्या एका हौशी निरीक्षकाने उसना दिलेला थंड करता येणारा मोनोक्रोम (कृष्णधवल) कॅमेरा, त्याला ५० मिलिमीटरची लेन्स. फिल्टर अजून यायचे आहेत.

१५ डिसेंबर, कराड

पौर्णिमा. सड्यावर जाण्यात अर्थ नाही. दिवसभर दोघांबरोबर बसून मुळापासून उजळणी केली. जे बोललो ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडेल.

दिवसा सूर्याचे अतिनील किरण वरच्या हवेतले ऑक्सिजनचे रेणू फोडतात. सुटे झालेले अणू तिथे, म्हणजे ९५-१०० किलोमीटरवर, लगेच एकत्र येऊ शकत नाहीत, कारण हवा इतकी विरळ असते की टक्कर व्हायलाच वेळ लागतो. म्हणून दिवसभर साठलेली ही ऊर्जा रात्रभर पुरते. दोन अणू जुळून रेणू होतो, तो आपली जादा ऊर्जा तिसऱ्या अणूला देतो, आणि तो अणू सुमारे पाऊण सेकंदाने ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकून मोकळा होतो. जुळणीतून असा प्रकाश निघत असावा ही कल्पना सिडनी चॅपमन यांनी १९३१ मध्ये मांडली. ऊर्जा अशी दोन पायऱ्यांनी जाते हे नंतर स्पष्ट झालं.

प्रश्न आला, "मॅडम, मग खाली, ६०-७० किलोमीटरवर का नाही दिसत?" उत्तर पाऊण सेकंदात आहे. खाली हवा दाट, प्रकाश टाकायच्या आत दुसरा रेणू येऊन धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो. त्याहून वर गेलं तर जुळायला अणूच पुरेसे जवळ नाहीत. म्हणून हा थर पातळ आहे, ९७ किलोमीटरच्या आसपास, दहाएक किलोमीटर जाडीचा.

याच्या थोडं खाली, ८७ किलोमीटरच्या सुमारास, हायड्रोजनचा अणू ओझोनशी भिडतो आणि उत्तेजित हायड्रॉक्सिल (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अशी जोडी) तयार होतो. त्याचा प्रकाश सगळ्यांत जोरदार, पण बराचसा इन्फ्रारेडमध्ये, म्हणून डोळ्यांना जवळजवळ नाहीच. १९५० मध्ये एडन माइनेल यांनी हे पट्टे ओळखले, त्यांना आजही माइनेल पट्टे म्हणतात. ९० किलोमीटरजवळ सोडियमचा पिवळा, उल्कांच्या जळण्यातून आलेल्या सोडियमचा. आणि फार वर, २५० किलोमीटरच्या आसपास, ऑक्सिजनचाच लाल, ६३०.० नॅनोमीटर. त्याची कथा वेगळी, ती लाल फिल्टर आला की.

हिरव्या रेषेचा इतिहास मला फार आवडतो. स्वीडनचे अँडर्स आँगस्ट्रॉम ध्रुवप्रकाशाचा वर्णपट बघत होते. १८६८ मध्ये त्यांनी नोंदवलं की तीच हिरवी रेषा ध्रुवप्रकाश नसलेल्या आभाळातही मंद दिसते. ती कशाची, हे कळायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. १९२५ मध्ये टोरांटोच्या मॅकलेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत ऑक्सिजनपासून ती मिळवली. मधल्या काळात कुणी अज्ञात मूलद्रव्य, कुणी गोठलेला नायट्रोजन, असे तर्क लढवत होते. रोज ज्यात श्वास घेतो तो ऑक्सिजन इतका अनोळखी वाटला, कारण पृथ्वीवरच्या दाट हवेत तो असा वागायला मोकळाच नसतो.

३० डिसेंबर, पहाट, सडा

सोमवती अमावास्या. रात्री एकपर्यंत वर पातळ ढग होते, मग आभाळ धुतल्यासारखं झालं. वारा बोचरा. लेन्सला दव धरत होतं, हीटरची पट्टी सुरू केल्यावर थांबलं.

मोजणीची वेळ नीट ठरवली. मृग आणि मिथुन डोक्यावर असताना हिवाळी आकाशगंगा खमध्याजवळ, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूजवळ, असते आणि मीटर तिचाही उजेड मोजतो. म्हणून मुख्य आकडा मघा नक्षत्र डोक्यावर असताना घ्यायचा. तिथे आकाशगंगा दोन्ही बाजूंना दूर जाते. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात. त्यामुळे ही वेळ डिसेंबरअखेर पहाटे ४, जानेवारीअखेर २ वाजून काही मिनिटं, फेब्रुवारीअखेर मध्यरात्र, मार्चअखेर रात्री १०. घड्याळाची एकच वेळ धरून महिन्यामहिन्यांची तुलना केली असती तर वेगवेगळं आभाळ मोजलं गेलं असतं.

आजचा आकडा, पहाटे ४ वाजता, खमध्य: २१.४२ मॅग्निट्यूड प्रति चौरस आर्कसेकंद. मॅग्निट्यूड म्हणजे तेजाची प्रत; आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. दिव्यांपासून पूर्ण दूर, अगदी नैसर्गिक अंधारात तो २२ च्या जवळ जातो.

मात्र तो २२ कायमचा नाही. सूर्य जोरात असतो त्या वर्षांत एअरग्लोही वाढतो आणि एकही दिवा न वाढता आभाळ सुमारे अर्ध्या मॅग्निट्यूडने उजळतं. सध्याचं सौरचक्र, पंचविसावं, ऐन भरात आहे. म्हणजे आमच्या २१.४२ मध्ये कराडचा वाटा किती आणि सूर्याचा किती, हे नुसत्या मीटरवरून सांगताच येत नाही. फिल्टर लागणारच.

डोळ्यांना काय दिसलं? उत्तर क्षितिजाच्या थोडं वर, दहा-पंधरा अंशांवर, एक राखाडी फिकट पट्टा. गाव तिकडे जवळ नाही. रंग शून्य. इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. डीएसएलआरने ३० सेकंदांत तोच पट्टा हिरवा दाखवला. फोटोत हिरवं आणि डोळ्यांना राखाडी, दोन्ही खरं आहे.

१२ जानेवारी २०२५, कराड

फिल्टर आले. ५५८ नॅनोमीटर मध्य आणि १० नॅनोमीटर रुंदीचा एक, आणि ५७२ चा एक, शेजारचा उजेड मोजायला. संशोधनातल्या कॅमेऱ्यांमध्ये हिरव्या रेषेशेजारची पार्श्वभूमी ५७२ च्या आसपासच घेतात, कारण तिथे एअरग्लोची जोरदार रेषा नाही.

दोघांनी विचारलं की २ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर का नाही घेतला, त्यात शहराचा उजेड आणखी कमी आला असता. कारण कोन. या प्रकारच्या फिल्टरवर प्रकाश तिरका पडला की त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो. आज फळ्यावर काढलं: १० अंश तिरकं पडलं तर जवळजवळ २ नॅनोमीटर सरकतो, ५ अंशांना अर्धाच नॅनोमीटर. आमच्या लेन्समध्ये आभाळाचा सुमारे २० अंशांचा तुकडा येतो, मध्यापासून कडेपर्यंत १० अंश. अरुंद फिल्टरमध्ये कडेला हिरवी रेषा बाहेरच गेली असती आणि फोटोत नुसतं मध्ये एक वर्तुळ उजळलं असतं. १० नॅनोमीटरमध्ये ती कडेपर्यंत आत राहते. शहराचा जादा उजेड येईल, तो ५७२ च्या मोजणीतून वजा करू.

याच गुणाचा मुद्दाम उपयोगही होतो. टिल्टिंग फिल्टर फोटोमीटरमध्ये फिल्टर हलकेच तिरका करतात, पट्टा रेषेवरून बाजूला सरकतो, आणि एकाच फिल्टरने रेषाही मोजली जाते, पार्श्वभूमीही. कोल्हापूरला भारतीय भूचुंबकत्व संस्थेने अशा फोटोमीटरने निरीक्षणं घेतली आहेत आणि पन्हाळ्यावर त्यांचा सगळं आभाळ टिपणारा कॅमेराही चालला आहे. आमच्या सड्यापासून पन्हाळा सरळ रेषेत फार लांब नाही. हा विषय आपल्याकडे परका नाही, हे मुलांना कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

वजाबाकीची कसोटी घरच्या गच्चीवर घेतली. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यात एक उंचवटा आणि हिरव्या-पिवळ्या-तांबड्यात एक लांबरुंद चढण असा असतो. त्यामुळे ५५८ आणि ५७२ ला तो थोड्याच फरकाने सारखा येतो आणि वजाबाकीत बहुतेक जातो. जुन्या सोडियम दिव्यांची मुख्य पिवळी रेषा दोन्ही फिल्टरांच्या बाहेर आहे. समाधानकारक.

२५ ते २७ जानेवारी, सडा

या अमावास्येची सगळ्यांत महत्त्वाची नोंद. सविस्तर लिहिते.

२५ च्या रात्री पोचलो तेव्हा शुक्र पश्चिमेला इतका तेजस्वी होता की कातळावर त्याने सावली पडतेय असं वाटत होतं. तो मावळेपर्यंत मोजणी नाही. गुरू रोहिणीजवळ, मंगळ मिथुनेत. मामींनी नाचणीची भाकरी आणि उडदाचं घुटं दिलं.

साडेबाराला शेतातून येताना मामा म्हणाले, "म्याडम, आज वाट दिसतिया. चांदणं न्हाई, तरी दिसतिया. कवा कवा अवसंच्या रातीलाबी असं हुतं. बा म्हणायचा, आज आभाळ जागं हाय." मी बाहेर येऊन पाहिलं. खरोखरच कातळाची कड आणि पायवाट वेगळी कळत होती. ढगाचा मागमूस नाही. मृगाच्या तलवारीपर्यंत सगळं लख्ख.

२६ ला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी, मघा डोक्यावर: २१.१५.

२७ ला दोनच्या सुमारास, तीच जागा, मघा डोक्यावर: २१.४५.

फरक ०.३० मॅग्निट्यूड, म्हणजे पहिल्या रात्री आभाळ दुसऱ्या रात्रीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त उजळ. तारे तेच, कराडही तेच. मीटर एकटा असता तर कुणीही म्हटलं असतं की त्या रात्री कुठेतरी मोठे दिवे लागले असतील. फिल्टरने उत्तर दिलं. ५७२ चा आकडा दोन्ही रात्री जवळजवळ सारखा. ५५८ मधून तो वजा केल्यावर उरलेला हिरवा, पहिल्या रात्री दुसऱ्या रात्रीच्या जवळजवळ दुप्पट. वाट दाखवणारा उजेड वरून, ९७ किलोमीटरवरून आला होता. मामांचं निरीक्षण बरोबर होतं आणि ते आमच्या उपकरणांच्या कितीतरी आधीचं आहे.

चंद्राशिवाय उजळ झालेल्या रात्रींच्या नोंदी जुन्या काळापासून सापडतात. रोमन लेखक प्लिनीनेही तसं लिहून ठेवलं आहे. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या गॉर्डन शेफर्ड आणि यंगमिन चो यांनी २०१७ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. १९९१ मध्ये सोडलेल्या यूएआरएस उपग्रहावरच्या विंडी या उपकरणाने हिरवा एअरग्लो वर्षानुवर्षं मोजला होता. पृथ्वीला वेढा घालणाऱ्या वातावरणातल्या मोठ्या लाटांचे माथे एकाच रेखांशावर जुळले की तिथला हिरवा उजेड एकदम वाढतो, असं त्यात दिसलं. आपण तशीच रात्र पाहिली का, हे एका जागेवरून ठरत नाही, पण आपला हिरवा आकडा त्याच दिशेला बोट दाखवतो.

फिशआयच्या फोटोंत आणखी एक गोष्ट होती. पहिल्या रात्री एक ते तीनच्या मध्ये आभाळभर समांतर पट्टे, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकणारे. दोन पट्ट्यांत डोक्यावर १५ ते २० अंशांचं अंतर. ८७ किलोमीटरवर १ अंश म्हणजे साधारण दीड किलोमीटर, म्हणजे लाटेची लांबी २३ ते ३० किलोमीटर. हायड्रॉक्सिलच्या थरातून जाणाऱ्या या गुरुत्व-लाटा. खाली वादळ, डोंगर किंवा वेगवान वारा हवेला वर ढकलतो, हवा परत खाली येते, आणि ही हेलकाव्यांची लाट वर जाता जाता मोठी होते, कारण वर हवा विरळ. थर जिथे दाबला जातो तिथे उजळतो, जिथे ताणला जातो तिथे मंदावतो. आपण न दिसणारा वारा त्याच्या छपराशी पाहत होतो. मुलांनी दोन तासांच्या फोटोंची चित्रफीत करून दाखवली तेव्हा कुणीच बराच वेळ बोललं नाही.

२ फेब्रुवारी, कराड

उत्तरेकडच्या त्या राखाडी पट्ट्याचा हिशेब आज पूर्ण झाला.

मच्छरदाणी समोरून पाहिली तर आरपार दिसतं, पण कापडाच्या रेषेत तिरकं पाहिलं की तीच दाट होते. एअरग्लोच्या पातळ थराचं तसंच. डच खगोलशास्त्रज्ञ व्हान राइन यांनी १९२१ मध्ये याचं सूत्र दिलं. ९७ किलोमीटरच्या थरासाठी आम्ही काढलेले आकडे: खमध्यापासून ६० अंशांवर १.९ पट, ७० अंशांवर २.६ पट, ८० अंशांवर, म्हणजे क्षितिजापासून १० अंश वर, ४.१ पट. त्याखाली आणखी वाढायला हवं, पण तिथे हवेतली धूळ आणि दाटी प्रकाश खाऊन टाकते. म्हणून उजळ पट्टा क्षितिजाला टेकत नाही, थोडा वर राहतो. शहराचा घुमट मात्र क्षितिजाला टेकूनच असतो आणि वर जाताना मंदावतो. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखायची ही चांगली खूण आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

मग प्रश्न, १० अंशांवर आपण पाहतो तो थर नेमका कुठल्या गावावर असतो? हिशेब केला तर साडेचारशे किलोमीटर. उत्तरेचा पट्टा सातपुड्याच्या वरचा, पूर्वेचा हैदराबादच्या अलीकडचा, दक्षिणेचा उडुपीच्या अक्षांशावरचा. कातळावर उभं राहून निम्म्या दख्खनच्या डोक्यावरची हवा दिसते. दोघांनी नकाशावर वर्तुळ काढून भिंतीला लावलं आहे.

हिरव्या उजेडाची अंदाजी तीव्रता: तेजस्वी तारे त्याच फिल्टरमधून मोजून, त्यांच्या माहीत असलेल्या प्रकाशाशी जुळवून, खमध्यावर २५० ते ४५० रेले. हे एकक चौथे लॉर्ड रेले, रॉबर्ट स्ट्रट, यांच्या नावाचं. त्यांनी रात्रीच्या आभाळाचा उजेड वर्षानुवर्षं मोजला. १ रेले म्हणजे १ चौरस सेंटिमीटरच्या स्तंभातून दर सेकंदाला सगळ्या दिशांना मिळून १० लाख फोटॉन (प्रकाशकण). आमचा आकडा पक्का नाही, पण नेहमीच्या मर्यादेत बसतो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र, सडा

खालच्या गावात देवळावर रोषणाई, भजनं वरपर्यंत ऐकू येत होती. पश्चिमेला संध्याकाळनंतर राशिचक्रीय प्रकाशाचा, म्हणजे सूर्यमालेतल्या त्या धुळीच्या उजेडाचा, शंकू सुंदर उभा होता, शुक्राच्या भोवतीने कृत्तिकांच्या दिशेने तिरका. मुलीने तो आधी कोकणातल्या दिव्यांचा धरला होता. मग तो ग्रहांच्या रेषेत आहे आणि ताऱ्यांबरोबर मावळतो, हे तिनेच शोधलं.

मध्यरात्री मघा डोक्यावर: २१.३१. या महिन्याच्या आकड्यात एक जास्तीचा वाटा आहे. सूर्याच्या बरोबर समोरचा बिंदू सध्या सिंह राशीतच आहे, आणि तिथे धुळीचा प्रकाश थोडा वाढून गेगेनशाइनचा फिकट डाग पडतो. फिशआयमध्ये तो दिसला. तक्त्यात वेगळी खूण केली.

खालच्या उतारावर वणवा. दीडनंतर धूर वर आला, दोन्ही फिल्टरांचे आकडे एकदम पडले, मोजणी थांबवली. गवत जळून कातळावरची बारीक झाडं जातात, ओढ्याकाठची घरटी जातात. हे दर वर्षीचं आहे आणि दर वर्षी तितकंच वाईट वाटतं.

९ मार्च, गाव

सरपंचताईंकडे गेलो. जानेवारीची चित्रफीत दाखवली. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, खांब नको म्हणताय का? रात्री बाया-पोरी त्या वळणावरून येतात."

खांब नको असं आमचं म्हणणं नाही. वळणावर उजेड हवाच. मागणी एवढीच, की दिव्याला वरून झाकण असावं, उजेड रस्त्यावर पडावा, रंग पिवळसर, ३,००० केल्विनच्या आतला असावा, आणि निळसर पांढरा नसावा, कारण हवेत विखुरतो तो मुख्यतः निळा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आभाळ राखणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली, ती महाराष्ट्रातल्या पेंचला, हे त्यांना माहीत नव्हतं. लडाखच्या हानलेबद्दलही सांगितलं. ताई म्हणाल्या, "लिहून द्या, आकडे घालून. एक मेच्या ग्रामसभेत ठेवते."

२८ मार्च, सडा

लाल फिल्टर, ६३० नॅनोमीटर. पाडव्याच्या आधीचा शुक्रवार.

लाल उजेडाची तयारी वेगळी. २५० किलोमीटरवर ऑक्सिजनचा विद्युतभारित रेणू एक इलेक्ट्रॉन पकडतो आणि फुटतो, त्यातला एक अणू उत्तेजित राहतो. प्रकाश टाकायला त्याला जवळजवळ दोन मिनिटं, सुमारे ११० सेकंद लागतात. इतका वेळ कुणी न धडकता राहणं फक्त तितक्या वरच्या विरळ हवेतच शक्य आहे. म्हणून हा उजेड आयनांबरात, म्हणजे वरच्या विद्युतभारित थरात, काय चाललंय याची थेट बातमी देतो. त्यासाठी हीच वेळ चांगली, कारण भारताच्या रेखांशांवर विषुवदिनाच्या आसपास, आणि सूर्य सक्रिय असताना, सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर या विद्युतभारित हवेचे, म्हणजे प्लाझ्माचे, बुडबुडे उठतात. खालचा विरळ झालेला भाग वरच्या दाट भागात घुसतो आणि उत्तर-दक्षिण लांबच लांब भेगा पडतात. तिथे इलेक्ट्रॉन कमी, म्हणून लाल उजेडही कमी.

अडचण पवनचक्क्यांची. लाल एलईडीचा उजेड ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपासच पडतो, म्हणजे नेमका आमच्या फिल्टरमध्ये. कॅमेरा खमध्याकडे रोखला आणि पवनचक्क्यांच्या बाजूला कांबळी बांधून आडोसा केला. पुरेसं झालं.

९ वाजून ५० मिनिटांनी पश्चिम कडेने एक काळसर पट्टा चित्रात आला, उत्तर-दक्षिण, कडा पुसट. दहा वाजून गेल्यावर पूर्व कडेने बाहेर. त्यामागे दुसरा, अरुंद. २५० किलोमीटरवर आमचं २० अंशांचं चित्र सुमारे ८८ किलोमीटर रुंद. पट्ट्याला ते ओलांडायला १६ मिनिटं लागली, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ९० मीटर, पूर्वेकडे. संध्याकाळनंतर आयनांबर असंच पूर्वेकडे वाहतं. कडा पुसट असण्याचं एक कारण ते ११० सेकंदच आहे. अणू उजळायच्या आत भेग दहाएक किलोमीटर पुढे गेलेली असते.

याच भेगांतून जाताना उपग्रहांचे रेडिओ संदेश लुकलुकतात आणि जीपीएसची अचूकता बिघडते. विमानांसाठीच्या आपल्या गगन यंत्रणेलाही भारतात याचा विचार करावा लागतो. दक्षिणेकडे १० अंशांवर पाहिलं तर लाल थराचा जो भाग दिसतो, तो तिरुवनंतपुरम-तिरुनेलवेलीच्या अक्षांशावरचा, जवळजवळ चुंबकीय विषुववृत्तावरचाच. बुडबुडे जिथे जन्मतात ती जागा आमच्या सड्यावरून क्षितिजाशी दिसते. पुढच्या हंगामात लाल फिल्टर तिकडे रोखायचा, हे आजच ठरलं.

मघा डोक्यावर, रात्री १० वाजून १० मिनिटं: २१.२४. धुरकट हवा.

२६ एप्रिल, सडा

मघाची वेळ आता संधिप्रकाशाला चिकटली, म्हणून मुख्य मालिका मार्चलाच संपली. आज फक्त फिशआय. पूर्वेला, क्षितिजाखाली कुठेतरी, वळवाच्या विजा चमकत होत्या. डोक्यावर अकरापर्यंत स्वच्छ.

साडेनऊ ते साडेदहाच्या फोटोंत हलक्या कमानी, पूर्वेकडच्या एखाद्या मध्याभोवती वाकलेल्या. उंच वादळ वरच्या हवेला धक्का देतं तेव्हा लाटा वर्तुळाकार पसरतात. २७ एप्रिल २०१४ ला बांगलादेशावरच्या वादळामुळे अशी वर्तुळं सुओमी एनपीपी उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रांत आली, आणि तिबेटमधून जमिनीवरूनही त्यांचा फोटो निघाला. आमच्या कमानी अर्धवट आहेत. वादळाची जागा उपग्रहाच्या ढगचित्रांशी जुळवून मगच त्यांना नाव द्यायचं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अवकाश स्थानकावर गेलेलं नासाचं ऑ (एडब्ल्यूई) नावाचं उपकरण हायड्रॉक्सिलच्या याच लाटा वरून पाहतं, त्याची माहिती खुली आहे. त्या रात्री ते आपल्यावरून गेलं का, हे मुलगा तपासतोय.

अकरानंतर ढग. सामान उतरवलं.

१ मे, गाव

ग्रामसभेत तक्ता ठेवला. एका बाजूला मघा डोक्यावर असतानाचे महिन्यांचे आकडे, दुसऱ्या बाजूला हिरवा आणि पार्श्वभूमी वेगवेगळे. पार्श्वभूमीच्या रकान्यात ताऱ्यांच्या आणि धुळीच्या उजेडाबरोबर दिव्यांचा वाटा येतो, खांब लागल्यावर बदलला तर तोच बदलेल. हिरव्याचा रकाना सूर्याच्या आणि वाऱ्याच्या हातात आहे, त्याचा दोष कुणावर नाही. म्हणून पुढची तुलना एकट्या मीटरच्या आकड्यावर करू नये, असं स्पष्ट लिहून दिलं. झाकणाचे, पिवळसर दिवे घेण्याचा ठराव झाला.

मीटर मामांच्या नातीकडे ठेवला, ती दहावीत गेली. पावसाळ्यात मोजणी बंद. फिल्टर सिलिका जेलसह डब्यात, कॅमेरा परत केला. ऑक्टोबरच्या अमावास्येपासून पुन्हा. मघा पहाटेही वर येत नाही तोपर्यंत तिने संध्याकाळी उत्तरा भाद्रपदाच्या आसपासचं आभाळ मोजायचं, आकाशगंगेपासून तेही दूर आहे. तिच्या वहीत पहिल्या पानावर रकाने आखून दिले: तारीख, वेळ, डोक्यावरचं नक्षत्र, आकडा, ढग, आणि वाट दिसते की नाही.